उत्तरेच्या उजेडाची खोली

जुनी शेड पाडली तेव्हा कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही. मलाही नाही. चौऱ्याण्णवचा प्लेग येऊन गेल्यावर सुरत झपाट्याने बदलायला लागली होती. रस्ते रुंद होत होते, आणि आमच्या कलासंस्थेच्या पुढच्या अंगणाची एक पट्टी रस्त्यात गेली. शिल्पकलेची शेड नेमकी त्या पट्टीवर होती. मी त्या शेडमध्येच शिकले होते आणि पुढे तिथेच शिकवायलाही लागले होते, पण तिच्यावर माझं प्रेम होतं असं म्हणता येणार नाही.

शिल्प करण्याची जागा कशी नसावी, ते बघायचं असेल तर ती शेड बघायची. सकाळी ऊन थेट समोर बसलेल्या मॉडेलच्या तोंडावर यायचं आणि दुपारी दुसऱ्या गालावर जायचं. मुलं सकाळी केलेलं नाक दुपारी चुकलंय समजून मोडून टाकायची. उन्हाळ्यात पत्रा तापला की ओल्या फडक्यांत गुंडाळलेली मातीसुद्धा चिरा धरायची. मोरीचं पाणी तर कायमच तुंबलेलं, कारण प्लास्टर धुतलेलं पाणी नळीत गेलं की आतल्या आत दगड होतं. आणि दार अरुंद. एका मुलीने साडीला टिकल्या लावत बसलेली बाई केली होती, माणसाएवढी, पायावर साडी पसरलेली. वर्षभर राबली ती. मूर्ती प्रदर्शनाला न्यायची वेळ आली तेव्हा ती दारातून बाहेरच निघेना. शेवटी बाईचं कोपर करवतीने कापावं लागलं. बाहेर नेऊन पुन्हा जोडलं, पण सांधा दिसत राहिला. ती मुलगी त्या दिवशी प्रदर्शनाला आलीच नाही.

त्यामुळे शेड गेली आणि संस्थेच्या ट्रस्टने पलसाण्याच्या बाजूला हायवेलगत नवी जागा घेतली, तेव्हा मला वाटलं, चला, सुटलो.

इथे सरांबद्दल सांगायला हवं. सर शिल्पविभागाचे प्रमुख. मूळचे नाशिककडचे, पण माझ्या जन्माच्या आधीपासून सुरतेत होते. माझे वडील पांडेसऱ्यात एका डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. आम्ही धुळ्याकडचे, घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि हिंदी. बारावीनंतर मी मूर्तीकाम शिकायचं म्हटलं तेव्हा वडिलांनी साफ नाही म्हणून सांगितलं. सर आमच्या खोलीवर आले. खुर्ची नव्हती, तर खाली सतरंजीवर मांडी घालून बसले, आईने दिलेला चहा बशीत ओतून प्यायले आणि वडिलांना म्हणाले, "तुमच्या मुलीच्या बोटांत जे आहे ते मी शिकवून येत नाही. मी फक्त सांभाळीन." वडील त्या वाक्यापुढे हरले. पुढची वर्षं सरांनी खरंच मला सांभाळलं. त्यांच्या घरी काकू मला विचारायच्याही नाहीत, सरळ ताट वाढायच्या. मुंबईला, बडोद्याला प्रदर्शनं बघायला सर मला घेऊन जायचे आणि ओळख करून देताना "ही माझी विद्यार्थिनी" म्हणताना त्यांचा आवाज जरा वर चढायचा. मला नोकरी लावली तीही त्यांनीच.

नवी इमारत ठरली तेव्हा सर मला म्हणाले, "खोली तू काढ."

"म्हणजे?"

"म्हणजे शिल्पासाठी काय काय लागतं ते सगळं. नकाशा काढ, मापं घाल. आर्किटेक्ट नंतर बघेल. त्याला कुठे माहिती आहे माती म्हणजे काय? तू मोठी झालीस याच कामात. हात आखडता घेऊ नकोस."

त्या दिवसांत मी दुसरं काही केलं नाही. जेवतानाही डोक्यात खोलीच. पहिली गोष्ट उजेड. खिडक्या उत्तरेलाच हव्यात, उंच आणि मोठ्या, म्हणजे ऊन कधीच आत येणार नाही आणि दिवसभर उजेड एकसारखा राहील. खोली तळमजल्यावर, कारण मातीचं आणि दगडाचं वजन वर चढवायचं नसतं. फरशी खरबरीत, तिला एका बाजूला उतार, उताराच्या शेवटी उघडा नाला आणि नाल्यापुढे गाळ बसायला टाकी, म्हणजे प्लास्टर नळीत जाणार नाही. दार असं की टेम्पो मागे घेऊन थेट आत यावा. तुळईत लोखंडी हुक, त्याला चेन पुली लावून जड काम उचलता यावं. पाण्याचे नळ दोन बाजूंना. दगड फोडायला बाहेर वेगळा आडोसा, धूळ आत नको. मातीला सावलीतला हौद. भिंती पांढऱ्या नकोत, फिकट राखाडी हव्यात, कारण प्लास्टरची पांढरी मूर्ती पांढऱ्या भिंतीपुढे दिसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोकळी जागा. शिल्प करणाऱ्याला मागे सरकता आलं पाहिजे. जुन्या शेडमध्ये मागे सरकलं की पाठ दुसऱ्याच्या कामाला लागायची.

सरांनी माझे कागद बघितले आणि खूश झाले. मग प्रश्न विचारायला लागले. खिडक्या आणखी मोठ्या करता येतील का? भिंतीचा राखाडी नेमका कोणता? निळ्याकडे झुकणारा नको ना? नाल्याला दोन तोंडं ठेवली तर? मला वाटलं, किती बारकाईने बघतायत. माझ्या आनंदात त्यांचाही आनंद मिसळलाय असं वाटलं मला. ट्रस्टचे शेठ एकदा आले, कागद उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, "बेन, बहु सरस." सर माझ्याकडे बघून हसले. मी खाली मान घातली.

बांधकाम चालू झालं. मी आठवड्यातून दोनदा तरी बसने पलसाण्याला जायची, डबा घेऊन. आजूबाजूला प्रोसेसिंगचे कारखाने, हवेत तो वास, जो माझ्या वडिलांच्या कपड्यांना रोज यायचा. कॉन्ट्रॅक्टर सौराष्ट्रातला होता, बोलका माणूस. मला बघितलं की कामगारांना हाक मारायचा, "चलो, लॅबवाली बेन आ गई." मी म्हणायची, "लॅब नहीं, स्टुडिओ." तो हसायचा. "ठीक है बेन, स्टुडिओ." दुसऱ्या वेळी पुन्हा लॅब. मला वाटलं, याच्या तोंडात बसलंय.

एकदा फरशीचा उतार उलटा झाला. पाणी नाल्याकडे जायच्या ऐवजी दाराकडे यायला लागलं. मी हट्टाने सगळं काँक्रीट फोडायला लावलं. कॉन्ट्रॅक्टर कुरकुरला. मी तिथून सरांना फोन केला, सरांनी शेठला, आणि दुसऱ्याच दिवशी फोडायला सुरुवात झाली. इतक्या लवकर आमच्या संस्थेत आजवर काहीच झालं नव्हतं. सरांचं वजन किती आहे बघा, असं मी घरी आईला सांगितलं.

शेवटी खोली झाली तेव्हा मी एकटीच आत उभी राहिले होते. खिडक्यांतून आलेला उजेड राखाडी भिंतीवर पसरला होता. ना झळाळी, ना गडद सावली. मी हात पुढे करून बघितला. बोटांची पेरं, नखांच्या कडा, सगळं दिसत होतं. या उजेडात काम केलं असतं तर टिकल्यावाल्या बाईचा चेहरा आणखी किती चांगला झाला असता, असा विचार मनात आला. मी उलट्या पावलांनी मागे मागे सरकत गेले. पाठीला काही लागलं नाही.

माती न्यायचा दिवस मीच ठरवला. जुनी माती आम्ही संस्थेच्या मागच्या हौदात राखून ठेवली होती. ही माती म्हणजे काही नदीतून काढलेला चिखल नव्हे. वर्षानुवर्षं मळलेली, चाळलेली, पुन्हा पुन्हा वापरलेली, ती बोटाखाली लोण्यासारखी वळते. मी आणि आमची मुलं, सगळ्यांनी मिळून ती गोण्यांत भरली आणि टेम्पोत चढवली. टिकल्यावाली बाई करणारी मुलगीही होती. टेम्पोत मागे गोण्यांवर बसून मुलं गाणी म्हणत पलसाण्यापर्यंत आली.

फाटकाजवळ आधीच दोन ट्रक उभे होते. त्यांतून क्रेनने स्टीलची यंत्रं उतरवत होते. मला वाटलं, शेजारच्या कारखान्याचं सामान चुकून इकडे आलंय. वॉचमनने आमचा टेम्पो अडवला.

"माटी अंदर नहीं जाएगी, मॅडम."

"क्यों नहीं जाएगी? हमारा ही रूम है."

"मुझे जो बोला, वो बोल रहा हूँ. लॅब में माटी नहीं."

मी त्याला बाजूला सारून आत गेले. माझ्या हुकाला चेन पुली लागली होती, आणि तिला एक छोटं डाइंगचं यंत्र लटकत होतं. माझ्या नाल्याच्या बाजूने स्टीलच्या टाक्यांची रांग लागली होती. उत्तरेच्या खिडक्यांखाली लांबलचक टेबलं मांडलेली, त्यांवर कापडाचे तुकडे, लाल, मोरपंखी, राणी रंगाचे. एक माणूस दोन तुकडे शेजारी शेजारी धरून खिडकीकडे तोंड करून बघत होता. पांडेसऱ्यात वाढलेल्या मुलीला ते काय आहे ते सांगावं लागत नाही. ते शेड मॅचिंग होतं. गिऱ्हाइकाने दिलेला रंग आणि कारखान्याने काढलेला रंग एकच आहे का, हे फक्त असल्या उजेडातच कळतं. ऊन नको, पिवळा दिवा नको, उत्तरेचा सपाट उजेड आणि राखाडी भिंत. माझी खोली त्या कामाला इंचभरही कमी पडत नव्हती.

सर तिथेच होते. नवा शर्ट घातलेला, शेठच्या बाजूला उभे. मला बघून पुढे आले. मुलं माझ्या मागे दारात येऊन थांबली होती.

"टेम्पो परत घेऊन जा," सर हळू आवाजात म्हणाले. "आपण नंतर बोलू."

"सर, हे काय आहे?"

"सगळ्यांसमोर नको. घरी ये."

मुलांपैकी एकाने विचारलं, "बेन, आपण कुठे बसायचं?" वॉचमनने सांगितलं, माती पाठीमागच्या भिंतीजवळ ठेवा. मुलांनी गोण्या उतरवल्या. परत जाताना टेम्पोत गाणी नव्हती.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि नजर चुकवून स्वयंपाकघरात गेल्या. तेव्हाच मला कळलं की त्यांनाही माहीत होतं. सर झोपाळ्यावर बसले होते. मी उभीच राहिले.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

सरांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "पहिल्यापासून."

"नकाशा काढायला सांगितलात तेव्हाही?"

"तेव्हाही. ट्रस्टला टेक्स्टाइल केमिस्ट्रीचा कोर्स काढायचाय. लॅब हवी होती. तज्ज्ञ बोलावला असता तर त्याने कुठल्यातरी पुस्तकातली खोली दिली असती. मी म्हटलं, ही खोली आमच्याकडची मुलगी काढेल. उजेड आम्हाला कळतो."

"मग मला सांगायचं होतं. त्यांच्यासाठी काढ म्हणायचं होतं."

"त्यांच्यासाठी म्हटलं असतं तर तू इतकी चांगली काढली नसतीस." सर हे अगदी साधेपणाने बोलले, जसे वर्गात एखाद्याच्या कामातली चूक दाखवताना बोलायचे. "स्वतःसाठी म्हटलं म्हणून जीव ओतलास. तुला मी ओळखतो."

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"आणि काँक्रीट फोडलं ते?" मी विचारलं. "माझ्या एका फोनवर?"

"शेठलाही उतार बरोबर हवा होता."

मग ते समजावायला लागले. शिल्पाला मुलं किती येतात? हे शहर कापडाचं आहे. ट्रस्ट तर विभाग बंदच करायला निघाला होता, मी बोलून बोलून एक वर्ष वाढवून घेतलं. मागच्या बाजूला पत्र्याचा व्हरांडा देतायत. तुझी नोकरी मी राखलीय, साडी डिझाइनच्या मुलांना ड्रॉइंग शिकव. मी नव्या कोर्सचा डायरेक्टर होतोय, माझ्या हाताखाली तुला कुणी हात लावणार नाही.

"तुम्ही माझ्या वडिलांना सांगितलं होतं, मी सांभाळीन म्हणून."

"मग सांभाळतोय ना? दुसरं काय करतोय?"

त्यांना ते खरंच तसं वाटत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते चिडले असते, किंवा खजील झाले असते, तर मी काहीतरी बोलले असते. पण ते माझ्याकडून थोड्या कृतज्ञतेची वाट बघत होते. मी वळले. काकू म्हणाल्या, "जेवून जा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरातून न जेवता निघाले.

घरी आल्यावर आईने माझं तोंड बघितलं. "काय व्हयनं वं माय?" मी सगळं सांगितलं. वडील नुकतेच कामावरून आले होते, दारात बसून पाय धूत होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोकरी ऱ्हायनी ना तुनी?"

"हो, पण..."

"मंग रडस कसाले?"

मी त्यांच्यावर ओरडले. तुम्हाला काही कळत नाही, असं म्हणाले. ते पुन्हा पाय धुवायला लागले. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच होतं. सरांनी त्यांना दिलेला शब्द पाळला होता. मुलीला नोकरी होती, डोक्यावर छप्पर होतं, आणि वर डाइंगची लॅब, म्हणजे त्यांच्या ओळखीचंच काम. सर त्यांच्या नजरेतून किंचितही उतरले नाहीत, आणि त्या रात्री मला सरांपेक्षा या गोष्टीचा जास्त राग आला.

मी लगेच नोकरी सोडली असं सांगायला मला आवडलं असतं. पण घराला माझी गरज होती, म्हणून काही महिने मी तिथेच राहिले. त्याच खोलीत, खिडकीच्या एका कडेला, साडीच्या बॉर्डरवर फुलं कशी बसवायची ते शिकवत बसायची. उजेड सुंदर होता, ते नाकारता येत नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक म्हणायचे, काय खोली आहे, असली रूम मोठ्या मिलमध्येही नाही. त्यांना ती कुणी काढली ते माहीत नव्हतं. उद्घाटनाच्या भाषणात सरांनी आर्किटेक्टचे आणि शेठचे आभार मानले होते.

मागच्या व्हरांड्यात शिल्पाची मुलं थोडे दिवस बसली. पश्चिमेचा पत्रा, संध्याकाळपर्यंत भट्टी. मग एकेक करून गळाली. टिकल्यावाली बाई करणाऱ्या मुलीने टेक्स्टाइलच्या कोर्सला नाव घातलं. एकदा मी फुलं शिकवत होते आणि ती पांढरा कोट घालून पलीकडच्या टेबलाशी उभी होती, दोन गुलाबी तुकडे हातात धरून. आमची नजरानजर झाली. ती पटकन खिडकीकडे वळली. तिला मी दोष दिला नाही. तिच्या डोळ्यांना रंगातला बारीक फरक ओळखता येत होता. ते मीच तर शिकवलं होतं, सावलीतल्या छटा बघायला.

मातीकडे मात्र बरेच दिवस मी गेलेच नव्हते. बघवणार नाही असं वाटायचं. एका दुपारी गेले. गोण्या नव्हत्या. माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, कंपाउंडच्या बाहेर खड्डा होता, पावसाच्या आधी कॉन्ट्रॅक्टरने भराव घालून घेतला, त्यात गेली. मी बाहेर जाऊन बघितलं. खड्डा सपाट झाला होता, त्यावरून ट्रकची चाकं गेली होती. कडेला एक ढेकूळ उघडं पडलं होतं. उचललं तर आत अजून ओल होती. बोटाने दाबलं आणि माझ्या अंगठ्याचा ठसा त्यात स्पष्ट उमटला.

त्या आठवड्यात मी राजीनामा दिला. सरांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, "तू चूक करतेयस." मी म्हटलं, "असेल."

पुढे अमरोलीच्या पलीकडे, कोसाडच्या बाजूला, हाउसिंग बोर्डाच्या घरांमध्ये मला कामासाठी तळमजल्यावरची एक खोली मिळाली. खिडकी एकच, तीही दक्षिणेला, तिला मी जुन्या चादरी शिवून पडदा लावला. दार अरुंद होतं, म्हणून मोठं काम घ्यायचंच नाही असं ठरवलं. आसपासच्या बायका दुपारी यायच्या, काही कॉलेजच्या मुली यायच्या. डोकी करायचो, हात करायचो, देवघरातल्या मूर्ती करायचो. प्लास्टरची भांडी बादलीत धुवायचो, गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना घालायचो. पोट भरण्यापुरतं मी एका शाळेत चित्रकला शिकवायची. वाईट दिवस नव्हते ते.

वर्षभराने सर आले. हातात मुलीच्या लग्नाची पत्रिका होती. दारात चपला काढून आत आले, खुर्ची दिली तरी उभेच राहिले आणि चारी बाजूंना बघत राहिले.

"पडदा लावलास ते बरं केलंस. पण उजेड चोरतोय तो."

"हो."

"पातळ मलमल लाव. दोन पदरी. ऊन अडेल, उजेड येईल. आणि प्लास्टरचं पाणी?"

मी बादल्या दाखवल्या. ते खाली बसून बघायला लागले. म्हणाले, बादलीला तळापासून चार बोटं वर तोटी बसव, म्हणजे गाळ हलणार नाही. मी म्हटलं, तोटी चोंदते. ते म्हणाले, जाळी लाव. मी म्हटलं, लावली होती, जाळीवरच थर बसतो. मग आम्ही दोघं बराच वेळ त्या बादलीवर बोलत बसलो, अगदी पूर्वीसारखे, एकमेकांचं वाक्य तोडत. मी हसलेसुद्धा कशालातरी. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं, नकाशाच्या दिवसांतही आम्ही असेच बोलायचो. भिंतीचा राखाडी कोणता, नाल्याला दोन तोंडं ठेवू या का. तेव्हाही त्यांचा चेहरा असाच, मन लावून ऐकणारा होता. त्या चेहऱ्यावरून मला तेव्हा काही ओळखता आलं नव्हतं, आणि आताही येणार नव्हतं.

मी उठून उभी राहिले. "मला मुली येतील आता," म्हटलं. कुणी येणार नव्हतं त्या दिवशी.

सर उठले, गुडघ्यावर हात टेकून. दारात थांबून म्हणाले, "लग्नाला ये. काकूंनी खास सांगितलंय."

"बघते."

मी येणार नाही, हे त्यांना कळलं. एकदा वाटलं, आता तरी काही बोलतील. ते चपला घालत खूप वेळ वाकून राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "मलमल लाव मात्र." आणि गेले.

लग्नाला मी गेले नाही. आईवडील गेले. वडिलांनी ठेवणीतला सदरा घातला, आईने माझी साडी मागून नेसली. परत आल्यावर वडील जेवणाची तारीफ करत होते, आणि आई सांगत होती की सरांनी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं, शेठशी ओळख करून दिली, आणि "ही माझ्या विद्यार्थिनीची आई" म्हणाले. मी ऐकून घेतलं. सकाळी शाळा होती, म्हणून आईला म्हटलं, साडी घडी करून ठेव, आणि दिवा मालवला.